दाखला म्हणजे साक्ष

(ज्युबिली-समारंभांत फर्दापूर येथें झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिलीच्या शुभदिवशीं उपकारस्मरण करावें हा आपला रिवाज आहे, आणि तें आपण आज सकाळीं पवित्र मिस्सेच्या वेळीं केलेंच आहे. आम्हांस जें बोलावयाचें आहे तें साध्या व्यवहाराचें आहे. आपल्या वस्त्यांत जे पायांनीं अधू आहेत, ज्यांस दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं, ज्यांची बुद्धि किंवा मन दुबळें आहे, त्यांस कायद्यानें जें साहाय्य देऊं केलें आहे तें पुष्कळदां त्यांच्या हातीं पडत नाहीं. तें पडावें म्हणून आपण काय करावें, एवढाच आजचा विषय.

संत लूकच्या शुभवर्तमानांत, पांचव्या अध्यायांत, एका कुष्ठरोग्याची गोष्ट आहे. प्रभूनें त्यास स्पर्श केला आणि तो शुद्ध झाला. आपणांस वाटेल, गोष्ट येथेंच संपली. पण प्रभूनें त्यास लगेच याजकाकडे पाठविलें. अशासाठीं कीं, त्याची पाहणी व्हावी, नेमलेलें अर्पण व्हावें आणि लोकांस प्रमाण मिळावें. रोग गेला होता. परंतु ज्याच्या शब्दावर गांव त्यास पुन्हां घरांत घेणार होतें, त्याचा शब्द अजून मिळावयाचा होता. एखादी गोष्ट खरी असणें निराळें, आणि ती खरी म्हणून मानली जाणें निराळें, हें प्रभूस ठाऊक होतें. दिव्यांगत्वाचा दाखला म्हणजे तीच साक्ष होय. ती मागण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९९५ सालच्या कायद्यांत दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ सालीं नवा कायदा झाला, तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला, आणि त्यांत २१ प्रकार आले. कुष्ठरोगांतून बरा झालेला मनुष्य पूर्वींही होता. सिकलसेल, थॅलेसीमिया हे आजार नव्यानें आले. बहुतेक सवलतींस निदान ४० टक्के दिव्यांगत्व लागतें. संजय गांधी निराधार अनुदान योजनेखालीं दिव्यांगांस ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये ठरले आहेत. केंद्र सरकारचें इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन दारिद्र्यरेषेखालील लोकांस आहे. तेथें ८० टक्के लागतात. उत्पन्नाचा व रहिवासाचा पुरावा आपल्या सोयगांव तहसिलींतून मिळतो. तें काम त्रासाचें असलें तरी ओळखीचें आहे. खरी अडचण येते ती डॉक्टरी पुराव्याची.

या बाबतींत आमचाच एक अनुभव सांगतों. एका बाईंस घेऊन आम्ही तपासणीस गेलों. झाडावरून पडून त्यांच्या कंबरेस व पायास कायमची इजा झालेली. काठीवांचून चार पावलें टाकणें कठीण. आम्हांस वाटलें, डोळ्यांनीं दिसतें त्यास आणखी पुरावा कशास हवा? आम्ही रिकाम्या हातीं गेलों. डॉक्टरांनीं विचारलें, "ऑपरेशन कोठें झालें? कागद कोठें आहेत?" बाई म्हणाल्या, "पावसांत घर गळलें, कागद भिजले, मग चुलींत घातले." डॉक्टरांनीं पुन्हां विचारलें, "आतां कसें आहे?" बाईंनीं पदर सांवरला, ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "बरं आहे साहेब, देवाची कृपा." त्या दिवशीं दाखला मिळाला नाहीं. दोघांची मजुरी बुडाली आणि गाडीभाडें गेलें. दोष डॉक्टरांचा नव्हता. साक्ष द्यावयास गेलेल्या आम्हीं साक्षच दिली नव्हती.

दुसऱ्या खेपेस आम्ही तयारीनें गेलों. नवा एक्स-रे काढला. जुन्या दवाखान्याच्या नोंदवहींत त्यांचें नांव सांपडलें, तेथून उतारा मिळविला. आणि घरीं बसून एका कागदावर लिहिलें: पाणी कोण भरतें, शौचास जातांना कोणाचा हात लागतो, किती वेळ उभें राहतां येतें, रात्रीं कितीदां जाग येते. त्या वेळीं दाखला मिळाला.

यावरून जें शिकलों तें आपणांपुढें ठेवतों. पहिली गोष्ट, कागद जपा. रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्याच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षें ठेवाव्या, आणि रोग्यानें मागितल्यास ७२ तासांच्या आंत द्याव्या, असा डॉक्टरांसाठीं २००२ सालचा नियम आहे. म्हणून दहा वर्षांनीं नव्हे, घरीं परततांनाच डिस्चार्ज-कार्ड व तपासण्यांच्या प्रती मागून घ्या, आणि प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून पत्र्याच्या पेटींत ठेवा. दुसरी गोष्ट, ज्या व्यंगाचा दाखला त्याचीच तपासणी: कानासाठीं श्रवणचाचणी, बुद्धीसाठीं मानसशास्त्रज्ञाची चाचणी, हाडांसाठीं एक्स-रे. डोळ्यांचें माप चष्मा लावून जेवढें दिसतें त्यावरून घेतात. म्हणून चष्मा विसरूं नये. व्यंगें दोन असल्यास दोहोंचे कागद न्या. टक्क्यांची सरळ बेरीज होत नाहीं, तरी दोन्ही धरलीं जातात. तिसरी गोष्ट, खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी आधारास उपयोगी पडते, परंतु दाखला देण्याचा अधिकार सरकारनें नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसच आहे. अर्ज "स्वावलंबन" या सरकारी संकेतस्थळावर होतो, आणि त्यावरून यूडीआयडी कार्ड मिळतें.

येथें आपल्या गांवाची एक विशेष अडचण आहे. जिल्ह्याचें ठिकाण छत्रपति संभाजीनगर आपणांपासून सुमारे १०० किलोमीटर, आणि वाटेंत अजिंठ्याचा घाट. जळगांव त्याच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर, म्हणून आपले पुष्कळ रोगी तिकडेच जातात. पण तो जिल्हा दुसरा. २०१७ सालच्या नियमांत रहिवासाच्या जिल्ह्याखेरीज, ज्या सरकारी रुग्णालयांत त्या व्यंगावर उपचार झाले तेथेंही अर्ज करण्याची वाट ठेवली होती. ही वाट आपणांस उपयोगी पडण्यासारखी आहे; म्हणून निघण्यापूर्वीं चौकशी करावी, आणि सरकारी दवाखान्याचा केसपेपर हरवूं देऊं नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: खरें सांगा, आणि पूर्ण सांगा. "बरं आहे" ही आपल्या लोकांची रीत आहे. पाहुण्यास ती शोभते, तपासणीच्या खोलींत ती साक्षीस मारक होते. उलट, नसलेलें दुखणें सांगणें म्हणजे खोटी साक्ष. ती आठव्या आज्ञेचा भंग आहे, शिवाय खऱ्या गरजवंताचा घांस हिरावते. वाईट दिवस कसा जातो तें सांगा, चांगला दिवस कसा जातो तेंही सांगा. टक्के हें दुःखाचें माप नव्हे. तें केवळ शरीराच्या शक्तीचें माप आहे. ते कमी आले म्हणून कोणीं आपल्या कष्टांस खोटें ठरविलें, असें मानूं नये. दाखला नाकारल्यास कारण लेखी मिळालें पाहिजे, आणि कायद्याच्या ५९ व्या कलमाखालीं अपील करतां येतें.

शेवटीं, पक्षाघाती मनुष्याची गोष्ट आठवा. दारांत गर्दी होती, म्हणून चौघांनीं छप्पर उघडून त्यास प्रभूपुढें उतरविलें. त्या चौघांचीं नांवें शुभवर्तमानांत नाहींत. आज गर्दी खिडकीपुढें आहे आणि छप्पर अर्जाचें आहे. पण खाटेचीं चार टोकें तशींच आहेत. एकानें कागद जमवावे, एकानें अर्ज भरावा, एकानें गाडीभाडें द्यावें, आणि एकानें दिवसभर सोबत बसावें. या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक वस्तींतून असे चौघे निघाले, तर आपला हा उत्सव देवास आवडेल. ती बुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.