पेंढ्याचा वास आणि शेपटीचं टोक

कर्जत-खालापूरच्या वाड्यापाड्यांवर गोठ्यात, चुलीपाशी, जिथे असाल तिथे दहा मिनिटं कान इकडे द्या. आज बोलायचंय ते आपल्या रोजच्या चाऱ्याबद्दल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भात कापून खाचरात पडलेलं आणि ऐन दिवाळीत तीन दिवस पाऊस. घाईघाईनं झोडणी उरकली आणि पेंढा अर्धा ओला तसाच उडवीला लावला. थंडी पडल्यावर एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "हिच्या शेपटीचं टोक बघ गं, काठीसारखं वाळलंय." म्हशीच्या शेपटीला हात लावला तर गार. कानाची टोकंही तशीच. थंडीनं झालं असेल म्हणून मी आठ दिवस तेल चोळत बसले. शेवटी डॉक्टर आले. त्यांनी म्हैस बघितली आणि मग थेट उडवीत हात घातला. आतला पेंढा काळपट, कुबट. "आधी हा बंद करा," म्हणाले. म्हैस वाचली, पण शेपटीचा गोंडा गेला आणि दुधाचं कंबरडं मोडलं ते मोडलंच.

ह्या दुखण्याला डेगनाला म्हणतात. आज पाकिस्तानात असलेल्या एका ठिकाणावरून हे नाव पडलं आणि १९३९ साली त्याची नोंद झाली. भिजलेल्या पेंढ्यावर बुरशी वाढते, तिचं विष जनावराच्या पोटात जातं. रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात आणि शेपूट, कान, खूर ह्या टोकांना रक्त पोचत नाही. ते भाग गार पडतात, वाळतात, सडतात. थंडीत हे जास्त दिसतं, आणि गाईपेक्षा म्हशीत जास्त.

अगदी असंच दुखणं अमेरिकेतल्या गाईंना व्हायचं, पण तिथे पेंढा भिजलेला नव्हता. हिरव्यागार कुरणात चरणाऱ्या गाई होत्या. १९३१ साली केंटकी राज्यात डोंगरउतारावरच्या एका शेतात हिवाळ्यातही हिरवं राहणारं गवत सापडलं. १९४३ पासून 'केंटकी ३१' नावानं त्याचं बी शेतकऱ्यांना मिळू लागलं. गवत चिवट, दुष्काळ सोसणारं, कीड न लागणारं. लाखो एकरांवर पसरलं. पण त्यावर चरणाऱ्या गाई उन्हात धापा टाकायच्या, दूध आटायचं, गाभण राहायच्या नाहीत, काहींचे खूर आणि शेपटीची टोकं गळायची. कारण कळलं १९७७ साली. गवताच्या आत एक बुरशी राहत होती.

ही बुरशी बाहेरून दिसत नाही. पानावर डाग नाही, पावडर नाही. गवताच्या पेशींच्या मधल्या फटींत ती राहते आणि बियांतून पुढच्या पिढीत जाते, आईचं लेकीला मिळावं तशी. गवत तिला साखर देतं, ती गवताची राखण करते. राखण कशी? अल्कलॉइड नावाची कडू, विषारी द्रव्यं तयार करून. तंबाखूतलं निकोटिन हे अल्कलॉइडच, चहातलं कॅफिनही. ह्या द्रव्यांमुळे किडे ते गवत खात नाहीत. पण जे किड्याला नको, ते गाईलाही सोसेना.

शेतकऱ्यांनी मग बुरशी नसलेलं बी पेरलं. गाई सुधारल्या, पण गवत उन्हानं आणि किडीनं मरायला लागलं. न्यूझीलंडमध्येही तोच पेच. तिथल्या रायग्रासवर मेंढ्या थरथरायच्या, चालताना कोलमडायच्या. बुरशी काढली तर सोंडकिडा गवत फस्त करायचा. पुढे शास्त्रज्ञांनी ह्या बुरशीचे वेगवेगळे वाण तपासले. किड्याला हाकलणारं द्रव्य वेगळं आणि मेंढीला थरथरवणारं वेगळं, हे त्यांना कळलं होतं. पहिलं करणारी पण दुसरं न करणारी बुरशी निवडून त्यांनी ती गवतात घातली. राखणदार ठेवला, फक्त स्वभावाचा बरा निवडला.

ही बुरशी थंड हवेच्या गवतांत राहते. आपल्या माळावरचं मारवेल, पवना ही उष्ण हवेची गवतं, त्यांना भिऊ नका. पण तिची एक चुलत बहीण आपल्याकडे आहे. भात हेसुद्धा गवतच ना! पश्चिम घाटाच्या डोंगरपट्ट्यात कधीकधी भाताची लोंबी फुलत नाही. पानाच्या आवरणातून सरळ ताठ काडी बाहेर येते, आधी पांढरट, मग काळी. दाणा एकही नाही. दिसते उदबत्तीसारखी, म्हणून रोगाचं नावच 'उदबत्ता' पडलं. हीसुद्धा रोपाच्या आत वाढते आणि बियांतून पुढे जाते. बांधावरच्या हरळीवरही ती जगते. अशी रोपं दिसली तर उपटून नष्ट करा, त्या खाचराचं बी पुढच्या वर्षाला ठेवू नका. आणि एक रोप पिशवीत घालून कर्जतच्या भात संशोधन केंद्रात दाखवा.

आता मुद्द्याचं. एक बुरशी जित्या गवताच्या आत, दुसरी मेलेल्या पेंढ्यावर. दोघींचं विष डोळ्यांना दिसत नाही. आपल्या गोठ्याला धोका आहे तो दुसरीचा, आणि ती आपल्या हातात आहे.

पेंढा पूर्ण वाळल्याशिवाय उडवी रचू नका. उडवीखाली लाकडं घाला, जमिनीची ओल वर चढता कामा नये. पाऊस झाला तर उडवी उघडून आत हात घाला. गरम लागलं, कुबट वास आला, काळे-पांढरे डाग दिसले, तर तो पेंढा जनावरापुढे टाकू नका. खाली अंथरूही नका, जनावर अंथरुणही खातं. उकिरड्यात घाला, खत होईल. नुसत्या पेंढ्यावर जनावर ठेवू नका, हिरवा चारा मिसळा.

आणि रोज धार काढायला बसाल तेव्हा एकदा शेपटीच्या टोकाला, कानाला हात लावा. गार, कोरडं लागलं तर त्याच दिवशी पेंढा थांबवा आणि १९६२ ह्या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकाला बोलवा. माझ्यासारखे आठ दिवस तेल चोळण्यात घालवू नका.

येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की प्रत्येकीनं आपापल्या उडवीतला मूठभर पेंढा आणा. सगळ्यांनी मिळून वास घ्या. एकीचं नाक चुकेल, दहाजणींचं चुकणार नाही.