मंगळवार की गुरुवार?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोलायला सांगितलं होतं. पण काल संध्याकाळी आपल्यातल्या एका मैत्रिणीकडे गेले आणि रात्री संयोजकांना फोन करून विषय बदलून घेतला. मी आज टेक्सासमध्ये आमच्या घराजवळ असलेल्या एका मेथडिस्ट चर्चबद्दल बोलणार आहे. दचकू नका. मी धर्म बदललेला नाही, तिथे कुणी तसं सुचवलंही नाही. आमच्या घरी देव्हारा आहे, गणपती बसतो. पण गेली आठ वर्षं महिन्यातले दोन शनिवार मी त्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये गरजूंना किराणा द्यायला उभी असते.

सुरुवात माझ्या ऑपरेशनपासून झाली. ते अचानक ठरलं. नवरा सासऱ्यांच्या आजारपणामुळे भारतात, मुलगी दुसरीत. ऑफिसातले, ओळखीचे मराठी लोक, सगळे मनापासून म्हणाले, "काही लागलं तर सांग." मी म्हणाले, "नक्की सांगते." आणि कुणालाच काही सांगितलं नाही. कामाच्या माणसाला फोन करून "माझ्या मुलीला शाळेतून आणशील का?" असं विचारायला जीभ रेटत नाही.

शेजारी एक निवृत्त ग्रंथपाल बाई राहायच्या. त्या वही घेऊन आल्या. "काही लागेल का?" असं त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "जेवण मंगळवारी आणू की गुरुवारी? अंडं चालतं का? मुलगी किती वाजता सुटते?" मी आपलं सवयीने "नको, नको" म्हणत होते आणि त्या लिहून घेत होत्या. पुढचे दोन आठवडे दाराबाहेर बर्फाच्या खोक्यात जेवण यायचं, म्हणजे मला दार उघडायला उठावं लागू नये. आणणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी कधी पाहिलंही नव्हतं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी चिकटवलेली होती. ती भांडी परत करायला म्हणून मी त्या चर्चमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं.

तिथे जे पाहिलं, त्याला ते लोक 'मिनिस्ट्री' म्हणतात. आपल्याकडची ख्रिस्ती मंडळी 'सेवाकार्य' म्हणतात. पाळक पगारी असतात, पण बाकीचं बहुतेक काम सभासदच करतात. रविवारी दारात उभं राहून स्वागत करणं, गायकवृंदात गाणं, पाळणाघर सांभाळणं. या पाळणाघरात मुलांजवळ कधीही एकटा मोठा माणूस ठेवत नाहीत. दोघे हवेत आणि तेही एकमेकांच्या नात्यातले नकोत. काही बायका आठवड्यातून एकदा बसून आजारी माणसांसाठी शाली विणतात. निवृत्त पुरुषांचा एक गट व्हीलचेअरवरच्या लोकांच्या घराला लाकडी उतार बांधून देतो. एक इंच उंची चढायची तर एक फूट लांबी हवी, हा त्यांचा नियम. म्हणजे तीन साध्या पायऱ्यांसाठी वीस-एकवीस फुटांचा उतार लागतो. आमच्यासारख्या इंजिनिअरांची तिथे शाळा होते.

आणखी एक काम मला फार शिकवून गेलं. त्याला 'स्टीफन मिनिस्ट्री' म्हणतात. १९७५ मध्ये सेंट लुईसमधल्या एका लुथरन पाळकांनी ते सुरू केलं आणि आता अनेक पंथांच्या चर्चमध्ये चालतं. दुःखात किंवा आजारपणात असलेल्या एका माणसाला एक स्वयंसेवक नेमून देतात. त्याने दर आठवड्याला जायचं आणि ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. यासाठी आधी रीतसर प्रशिक्षण असतं. हे नाव बायबलमधल्या स्तेफनावरून आलं. पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी तक्रार आली, तेव्हा सात जण निवडले गेले. त्यातला हा एक.

मी उत्साहाने म्हणाले, "तुमच्या किराणावाटपाच्या नोंदी मी संगणकावर नीट करून देते." त्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "आधी एक महिना टेबलामागे उभी राहा." राहिले आणि बरं झालं. तिथे बांधून ठेवलेली पिशवी हातात देत नाहीत. लोक ढकलगाडी घेऊन स्वतः निवडतात, कारण प्रत्येक घरात काय खातात ते घरालाच माहीत. सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर साबण आणि बाळाचे डायपर घेता येत नाहीत, हे मला तिथेच कळलं. म्हणून चर्चचे लोक वर्षभर नेमक्या याच वस्तू गोळा करतात. हे मी घरी बसून केलेल्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये आलं नसतं.

हे सगळं इतकं शिस्तीत कसं चालतं, याचं कुतूहल वाटून मी थोडं वाचलं. मेथडिस्ट चळवळ अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने उभी केली. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायचं होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असं ठरलं. साधारण बारा जणांचा एक गट केला आणि त्यातल्या एकाने घरोघर जाऊन पेनी गोळा करायची. ज्याला परवडत नाही, त्याची पेनी त्यानेच भरायची. पण दर आठवड्याला दारात गेलं की घर दिसतं. कोण आजारी आहे, कोण दारूच्या नादी लागलंय, कुणाकडे चूल पेटलेली नाही, हे कळायला लागलं. वेस्लीच्या लक्षात आलं की हे घरोघर जाणंच महत्त्वाचं आहे. या गटाला ते 'क्लास' म्हणत. म्हणजे वर्गच! आणि पेनी गोळा करणारा म्हणजे आपला मॉनिटर.

हीच रीत पुढे आपल्या देशापर्यंत आली. १८६९ मध्ये बॉस्टनच्या मेथडिस्ट बायकांनी संस्था काढली. वर्गणी होती आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना. त्या पैशांतून त्यांनी इझाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन या दोघींना भारतात पाठवलं. लखनौचं इझाबेला थोबर्न कॉलेज आणि बरेलीचं स्त्रियांचं रुग्णालय यांची सुरुवात तिथली आहे.

सगळं छान छानच आहे असं नाही. आमच्याकडेही स्वयंपाकघराच्या किल्ल्या कुणाकडे, यावरून रुसवेफुगवे होतात. त्याहून मोठं म्हणजे, २०१९ ते २०२३ या काळात समलैंगिकांचे विवाह आणि पाळकपद या प्रश्नावर युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या अमेरिकेतल्या जवळजवळ एक चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या. आमच्या चर्चमध्येही मतदान झालं. माझ्या टेबलावरच्या दोघांनी एकमेकांविरुद्ध मत दिलं. पुढच्या शनिवारी ट्रक आला तेव्हा दोघंही खोकी उतरवायला हजर होते. कारण यादीत त्या दिवसापुढे त्यांची नावं होती. ते आजही राजकारणावर एकमेकांशी बोलत नाहीत.

आता कालच्या गोष्टीकडे येते. त्या मैत्रिणीची परवानगी घेऊन बोलतेय. ती इथेच बसली आहे. तिच्या नवऱ्याचं दोन वर्षं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, शिवाय जाणं-येणं. दोन वर्षांपूर्वी तिने आपल्या ग्रुपवर हे कळवलं, तेव्हा आपण काय केलं? मी काल मागे जाऊन मोजलं. एक्केचाळीस जणांनी लिहिलं आहे, "काही लागलं तर सांग." त्यात मीही आहे. जिच्या दारात दोन आठवडे न मागता जेवण आलं, तिनेसुद्धा हात जोडलेलं चित्र टाकलं आणि पुढे गेली.

मी तिला विचारलं, "तू कुणाला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "काय सांगू? चार तास सेंटरवर येऊन बस, तेवढ्यात मी आईला डॉक्टरकडे नेऊन आणते, असं कुणाला सांगायचं? आणि दर वेळी?"

मला वाटतं आपण वाईट नाही. आपण फक्त मागण्याचं काम तिच्यावर टाकलं, आणि तेच सगळ्यात अवघड काम होतं.

म्हणून माझी एक विनंती आहे. पैशाची नाही. चहाच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर पुढच्या तीन महिन्यांचे मंगळवार, गुरुवार आणि शनिवार आखले आहेत. या गावात राहणाऱ्यांनी आपल्याला जमेल त्या एका तारखेपुढे नाव लिहावं. तीनच महिने, कारण चर्चमध्ये मी हेही शिकले की ज्या कामाला शेवटची तारीख नसते त्याला लोक हात लावत नाहीत, आणि लावलाच तर थकून सोडतात. तीन महिन्यांनी दुसरे लोक. दुसऱ्या पानावर आपल्या निवृत्त शिक्षकांसाठी जागा ठेवली आहे. बाई, सर, तुम्ही "मला काही नको" म्हणणार हे माहीत आहे. आम्ही फक्त वार विचारू.

मी परवा परत जाणार. इथे सेंटरवर येऊन बसणं मला शक्य नाही. पण दर रविवारी रात्री त्या आठवड्यातल्या तिघांना फोन करून आठवण करून देणं मला टेक्सासमधून जमतं. ते काम मी माझ्या नावापुढे लिहिलं आहे. नववीत मला कुणी मॉनिटर केलं नव्हतं, ती हौस आता भागवून घेते.

वही चहाजवळ आहे, पेन दोऱ्याने बांधलं आहे. आधी सही करा, मग वडे घ्या.