‘टेन्शन’खाली बुडालेले शब्द



मी साहित्यिक नाही. बऱ्हाणपुरात होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा डॉक्टर आहे. तेव्हा आपल्यापुढे बोलायचे ते दवाखान्यात रोज कानावर पडणाऱ्या एका शब्दाविषयीच. शब्द इंग्रजी आहे, पण आता आपल्या घरात पाट मांडून बसला आहे. टेन्शन.

संध्याकाळी राजघाटाच्या पायऱ्यांवर बसून पाहा. शाळकरी पोराला पेपरचे टेन्शन असते, यंत्रमागवाल्याला सुताच्या भावाचे. केळीवाल्याला वाऱ्याचे टेन्शन, कारण एका वादळात उभी बाग आडवी होते. नव्या सुनेला सासूचे टेन्शन आणि सासूला सुनेचे! पाच माणसांची पाच दुःखे, आणि शब्द एकच.

शब्दाचे कूळ मात्र परके नाही. लॅटिनमधल्या ‘ताणणे’ या अर्थाच्या तेंदेरे या क्रियापदापासून तो निघाला, आणि त्याचे नाते संस्कृतातल्या ‘तन्’ धातूशी लागते. आपले ताण, तंतू, गवयाची तान आणि मागावरचा ताणा ही सारी त्याच घरची भावंडे. मागावर काम करणाऱ्याला विचारा, ताणा सैल पडला तर कापड बिघडते आणि फार ओढला तर तार तुटते. म्हणजे ताण मुळात वाईट नाही, तो मापात हवा एवढेच.

इंग्रज माणूस मात्र हा शब्द आपल्याइतका सढळ हाताने वापरत नाही. त्याच्याकडे टेन्शन दोरीत असते, स्नायूत असते किंवा दोन माणसांच्या अबोल्यात असते. मनातल्या गोष्टींसाठी तो वरी, अँग्झायटी, स्ट्रेस, स्ट्रेन, प्रेशर असे शब्द निवडून घेतो. स्ट्रेस आणि स्ट्रेन यांतही अभियंते फरक करतात: पहिला शब्द पदार्थावर पडणाऱ्या जोराचा, दुसरा त्या जोराने पदार्थाच्या आकारात होणाऱ्या बदलाचा. ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य तर अस्सल आपले. ते विलायतेत शोधून सापडायचे नाही.

आता आपली मराठी कोठी उघडून पाहू. पैशाची तोंडमिळवणी होईना की विवंचना. पूर येईल, धाड पडेल असे भय म्हणजे धास्ती. निकालाच्या आदल्या रात्री धाकधूक. जाऊ की राहू, यात घालमेल. वरिष्ठांपुढे दडपण. तापात अंथरुणावर तगमग. मुलगी सासरी निघाली की हुरहूर. करायचे राहून गेले त्याची रुखरुख, आपल्या हातून वाईट घडले त्याची टोचणी, आणि वर्षानुवर्षे आत रुतलेला तो सल. परगावच्या मुलाचा फोन आला नाही की आईच्या जिवाला लागतो तो घोर. काळजी तर दुहेरी आहे: ती करताही येते आणि घेताही येते. काळजी करणारा खंगतो, काळजी घेणारा दुसऱ्याला सांभाळतो. हा फरक ‘टेन्शन’ला कुठून कळणार?

आपण म्हणाल, डॉक्टर, शब्द गेले तर गेले, बिघडले काय? बिघडते. दोन उदाहरणे सांगतो.

एक गृहस्थ वर्षभर फिजिशियनच्या सांगण्याप्रमाणे रक्तदाबाची गोळी घेत होते. मुलीचे लग्न उरकले आणि त्यांनी गोळी बंद केली. मला आनंदाने म्हणाले, “आता टेन्शनच राहिलं नाही, तर हायपरटेन्शनची गोळी कशाला?” मी दाब मोजला, १८०/११०. तडक त्यांना त्यांच्या फिजिशियनकडे पाठवले. हायपरटेन्शन म्हणजे फार काळजी करणे नव्हे. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर रक्ताचा दाब वाढलेला असणे. तो निवांत माणसालाही असतो आणि बहुधा गुपचूप असतो. एका शब्दाच्या घोळाने माणूस जिवाला मुकू शकतो.

दुसरे उदाहरण माझ्याच चुकीचे. एक शेतकरी झोप लागत नाही म्हणून येत असे. “टेन्शन आहे, डॉक्टरसाहेब,” एवढेच सांगे. मीही केसपेपरवर ‘टेन्शन’ लिहून मोकळा होई. असे दोन वर्षे चालले. एकदा त्याची म्हातारी आई सोबत आली. मी म्हणालो, “माय, याला टेन्शन फार आहे.” ती म्हणाली, “टेन्शन नाही रे बाबा, त्याले सल हाये. भावाशी अबोला होता आन् भाऊ गेला. राजघाटावर राख सोडली, तवापासून हा नदीकडे फिरकत नाही.” तो माणूस खाली मान घालून बसला होता. मग तासभर बोलला. दोन वर्षांत प्रथमच.

माझ्या शास्त्राचे प्रणेते हानेमान यांचा ‘ऑर्गेनॉन’ १८१० साली प्रथम छापला गेला. आज वापरात असलेल्या आवृत्तीच्या ८४व्या सूत्रात सांगितले आहे की वैद्याने स्वतः गप्प राहावे, रोग्याला बोलू द्यावे आणि त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे. मी ते सूत्र पाठ केले होते. त्या दिवशी पाळायला शिकलो. रोग्याने दिलेला पहिला शब्द लिहून थांबायचे नसते, त्यामागचा त्याचा खरा शब्द येईपर्यंत वाट पाहायची असते.

आमच्या तत्त्वार्थसूत्रात मनाच्या या पिळवटीला आर्तध्यान म्हटले आहे आणि त्याचे चार प्रकार केले आहेत: नको ते वाट्याला येणे, हवे ते दुरावणे, शरीराची वेदना, आणि पुढच्या भोगाची हाव. दुःख तेच, पण कारण वेगळे म्हणून नाव वेगळे. नाव नेमके कळले की त्याच्याकडे बघता येते.

राजघाटासमोर तापीच्या पात्रात दगडी हत्ती आहे. पावसाळ्यात गाव त्याच्याकडे बघून पाणी जोखते: पाय बुडाले, पोट बुडाले, हत्ती दिसेनासा झाला. पूर्ण बुडाल्यावर मात्र वर पाणी किती चढले ते हत्ती सांगू शकत नाही. आपले हे जुने शब्दही मनातले पाणी जोखायच्या खुणा आहेत. ‘टेन्शन’च्या एकाच लोंढ्याखाली त्या सगळ्या बुडू देऊ नका.

तो शब्द हद्दपार करा असे मी म्हणत नाही. मीही तो वापरतो. विनंती एवढीच, की घरात कुणी “टेन्शन आलंय” म्हणाले, तर “घेऊ नकोस” म्हणून उठू नका. जवळ बसा आणि विचारा, “म्हणजे नेमकं काय होतंय?” उत्तर मराठीत येईल, जरा वेळाने येईल. तेवढा वेळ द्या.