इन्सुलिन, पहिल्या दिवसापासून



सहा-सात वर्षांचं मूल अचानक पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. सारखं पाणी मागतं, भरपूर जेवतं आणि तरी वाळत जातं. घरात आधी ओरडा बसतो, मग जंताचं औषध होतं. अशा वेळी बोटातून रक्ताचा एक थेंब काढून साखर तपासायला मिनिटही लागत नाही. ती 200 च्या वर निघाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उलट्या, पोटदुखी आणि खोल, जोरजोरात श्वास सुरू झाला, की बाब जिवावर बेतते.

लहान मुलांना होतो तो बहुधा टाइप वन मधुमेह. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. पेढे, चॉकलेटं किंवा आईचे लाड यांचा इथे काडीचाही दोष नाही. हे मुद्दाम सांगते, कारण घरात पहिलं बोट आईकडेच वळतं.

आजोबांचं गोळीवर भागतं, मग नातवाला सुई कशाला? कारण नातवाच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ उरलेलंच नाही, आणि ते प्रथिन असल्यामुळे तोंडाने घेतलं तर पचून जातं. 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांना जवळपास उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवणं, एवढाच उपाय होता.

खरा धोका पुढे आहे. उपचार सुरू झाल्यावर काही आठवडे-महिने इन्सुलिनची गरज कमी होते. घरच्यांना वाटतं, मूल बरं झालं. तेवढ्यात कोणीतरी कारल्याचा रस सुचवतो आणि इंजेक्शन बंद होतं. पण उरल्यासुरल्या पेशींची ती शेवटची धडपड असते. डोस किती कमी करायचा ते डॉक्टर सांगतील. बंद मात्र कधीच करायचं नाही. वयात येताना तर गरज उलट वाढते. त्यात मुलाची चूक नसते.

आता शिक्षकांसाठी. वर्गात अशा मुलाला घाम फुटला, हात थरथरले, ते चिडचिड करू लागलं, तर साखर 70 च्या खाली गेली असं समजा. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. सीबीएसईने 2017 पासून बोर्डाच्या परीक्षेतही या मुलांना खाऊ जवळ ठेवू दिला आहे, तेव्हा तासाला डबा उघडला म्हणून रागावू नका. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नका; कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.