गोजी आणि अंगणातला पेरू

परसबागेबद्दल मला जे प्रश्न विचारतात, त्यांचीही एक फॅशन असते. मधे ड्रॅगन फ्रूट होतं, आता गोजी आहे. सुक्यामेव्याच्या दुकानात छोट्या पाकिटातून मिळणारी ती लालचुटूक, मनुकांसारखी सुरकुतलेली फळं. महाग पडतात, म्हणून ‘घरीच लावू का?’ असं विचारतात. लावा की! पण आधी ओळख करून घ्या.

गोजी मूळचं चीनचं. तिथल्या निंगशिया भागात त्याची मोठी शेती चालते. कुळ मात्र आपल्या ओळखीचं आहे, वांगी-मिरची-टोमॅटोचं. जांभळी फुलं त्याच वळणाची, आणि मावाही तसाच हटकून येतो.

सुकं फळ कोमट पाण्यात भिजवलं की बारीक बिया सुटतात. त्या मातीवर पसरून वर चिमूटभर माती भुरभुरायची. एक-दोन आठवड्यांत उगवण दिसते. फळाची आशा दुसऱ्या वर्षाआधी धरू नका. भरपूर ऊन हवं, निचरा चांगला हवा. थंडीत पानं झडली तर झाड मेलं म्हणून उपटू नका. निंगशियात हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, झाड तिथं झोपी जातं. आपल्याकडे त्याला ती झोप पुरती मिळत नाही. माझ्या पुण्यातल्या गच्चीवर दोन वर्षांनी मूठभर फळं आली. हौस म्हणून ठीक आहे.

एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगते. रक्त पातळ राहावं म्हणून वारफेरिनची गोळी घेणाऱ्यांनी गोजी खाऊ नये, त्याचा चहाही घेऊ नये. गोजीमुळे या गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आमच्या शेजारच्या आजोबांना हीच गोळी चालू होती, आणि लेकीनं मोठ्या मायेनं ‘ताकद येते’ म्हणून गोजीचा चहा सुरू केला होता. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचा कप देऊ नकोस. डॉक्टरांनी तो बंदच केला.

गंमत अशी, की त्याच अंगणात पेरूचं मोठं झाड होतं आणि फळांचा सडा पडलेला असायचा. पेरूत संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असतं; पण फळात अळ्या, म्हणून कुणी तोंड लावत नव्हतं. ही फळमाशीची करामत. ती पिकू लागलेल्या पेरूच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या गळालेल्या फळातून मातीत उतरतात, कोष करतात आणि तिथून नव्या माश्या निघतात. म्हणजे तो सडा हीच त्यांची पाळणाघरं! गळालेली फळं रोज गोळा करा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. फळ लिंबाएवढं झालं की त्यावर कागदी पिशवी बांधा. कृषी सेवा केंद्रात फळमाशीचा सापळा मिळतो, तोही टांगा. शिवाय पेरू नव्या फुटीवर येतो, तेव्हा फळं संपली की शेंडे छाटायला घाबरू नका. आजोबांच्या लेकीनं हे सगळं केलं. पुढच्या हंगामात आम्हाला पिशवीभर पेरू आले. अळीचे दोन-चार निघाले, नाही असं नाही.

कुंपणाला करवंद लावा. काटे राखण करतात आणि कच्च्या फळांचं लोणचं होतं. बी ताजंच पेरायचं, एवढं लक्षात ठेवा.

आणि थोडी जागा उरली तर अंजीर. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे झाड छाटाच्या काडीवरून होतं, परागीकरण न होताही फळ धरतं, मोठ्या कुंडीतही तग धरतं. फक्त मुळांशी पाणी साचू देऊ नका, आणि पिकलेलं फळ काढायला लवकर उठा. आमच्याकडे बुलबुल साडेसहाला हजर असतो.