स्वस्त जलसंजीवनी आणि महाग पडणारी गोळी



लहान मुलांच्या जुलाबांचा विषय पक्षाच्या व्यासपीठावर यावा, याचे काहींना नवल वाटेल. हा डॉक्टरांचा प्रांत आहे असे म्हणून तो बाजूला सारला जातो. परंतु जो रोग दूषित पाण्यातून पसरतो, ज्याचे औषध बाजारात विकले जाते आणि ज्याच्या चुकीच्या उपचाराचे मोल भलत्यालाच मोजावे लागते, तो रोग अर्थशास्त्राचा आणि म्हणून राजकारणाचाही विषय ठरतो.

वैद्यकीय वस्तुस्थिती साधी आहे. मुलांचा पाण्यासारखा अतिसार बहुतांशी विषाणूंमुळे किंवा आपोआप आटोक्यात येणाऱ्या जंतूंमुळे होतो. विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही. मूल दगावते ते शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज घातलेले पाणी रुग्णांना पाजले आणि कॉलऱ्यातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ पासून त्याला जस्ताच्या गोळ्यांची जोड दिली आहे. प्रतिजैविकाची खरी गरज असते ती मुख्यतः शौचातून रक्त पडत असेल तेव्हा किंवा तीव्र कॉलऱ्यात.

प्रत्यक्षात काय घडते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार अतिसार झालेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ६१ मुलांना जलसंजीवनी मिळाली, जस्त सुमारे ३१ मुलांना. दुसरीकडे, गरज नसलेली प्रतिजैविके मात्र सर्रास दिली जातात.

या गोळीची किंमत पुडक्यावर छापलेली नसते. मुलाच्या आतड्यात अब्जावधी जंतू नांदत असतात. अनावश्यक औषधाने त्यांतील दुबळे मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात व वाढतात. शिवाय हा प्रतिकाराचा गुण एका जातीचे जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूंना देऊ शकतात. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाच्या जंतूंवर संशोधन करताना हे प्रथम उमगले. असे जंतू शौचावाटे गटारात आणि तेथून पाण्यात जातात. अत्यंत प्रभावी प्रतिजैविकांनाही निष्प्रभ करणाऱ्या एका जनुकाचा दिल्लीत शोध घेतला गेला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांत हे जनुक सापडले. म्हणजे एका घरातील गोळीचे ओझे गल्लीतील दुसरे मूल वाहते. ज्याने औषध विकले आणि ज्याने घेतले, त्या दोघांच्याही हिशोबात हा खर्च येत नाही. प्रतिजैविकाची परिणामकारकता गावाच्या गायरानासारखी सामाईक मालमत्ता आहे. राखण नसेल तर ते गायरान उजाड होणारच.

याचा दोष कोणाचा? ‘नफेखोर डॉक्टर आणि कंपन्या’ हे उत्तर चळवळीच्या ओठांवर तयार असते. नफ्याची प्रेरणा खोटी नाही. पण ती पुरेसे उत्तरही नाही. कर्नाटक व बिहारमधील खाजगी वैद्यकीय व्यावसायिकांचा एक मोठा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. जलसंजीवनी न देण्यामागे आर्थिक लाभाचा वाटा सुमारे ५ टक्के, तुटवड्याचा ६ टक्के, तर ‘पालकांना ती नकोच असते’ या समजुतीचा ४२ टक्के आढळला. पालकाने स्वतः ती मागितली की डॉक्टर ती अधिक वेळा देत. लोकशिक्षणाला कमी लेखणाऱ्यांनी हे आकडे नीट वाचले पाहिजेत.

कायदा हवाच. २०१४ पासून अमलात आलेल्या अनुसूची एच-१ प्रमाणे काही प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत व त्यांची नोंद ठेवावी लागते. पण जेथे आरोग्य केंद्राला कुलूप असते, तेथे औषधाचे दुकान हाच गरिबाचा दवाखाना असतो. तेथे केवळ छापे घातले, तर शौचातून रक्त पडणाऱ्या मुलालाही औषध मिळणार नाही. बंदीचा भार पुन्हा गरिबावरच पडेल. म्हणून उघडे आरोग्य केंद्र आणि तेथे हजर डॉक्टर ही मागणी नियंत्रणाच्या मागणीबरोबरच केली पाहिजे.

सर्वांत टिकाऊ उपाय मात्र औषधाच्या अलीकडे आहे. जुलाबच झाले नाहीत तर गोळीचा प्रश्न उद्भवत नाही. रोटाविषाणूची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. ती प्रत्येक वस्तीत पोहोचते की नाही, हे पाहिले पाहिजे. नळाची वाहिनी गटारातून जात असेल तर नगरपालिकेला जाब विचारला पाहिजे.

१९५४ साली पिंपरीला सरकारी मालकीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखाना उभा राहिला, तो ही औषधे सामान्य माणसाच्या आवाक्यात यावीत म्हणून. औषध आवाक्यात आले आणि निकामी झाले, तर त्या प्रयत्नाला अर्थ उरणार नाही. कार्यकर्त्यांनी या पावसाळ्यापूर्वी निदान तीन कामे हाती घ्यावीत: वस्तीतील पाण्याची तपासणी करून घेणे, आशा सेविकेकडे जलसंजीवनी व जस्त शिल्लक आहे याची खात्री करणे, आणि डॉक्टरांकडे जलसंजीवनी हक्काने मागायला प्रत्येक आईबापाला शिकवणे.