सालांगोचा लाल शिंपला

आज जरा लांबच्या गावाला जाऊ या. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर देशाच्या किनाऱ्यावर सालांगो हे कोळ्यांचं गाव आहे. समोर छोटंसं बेट, वाळूवर होड्या, आणि गावात एक लहान संग्रहालय.

स्पॅनिश लोक तिथे येण्याआधी हजारो वर्षं माणसं त्या किनाऱ्यावर राहत होती. गावातच खोदकाम झालं, तेव्हा त्यांच्या वस्तू निघाल्या. त्यातली मोलाची वस्तू म्हणजे स्पॉन्डिलस, काटेरी पाठीचा लाल-केशरी शिंपला. पाणबुडे खोल बुडी मारून तो काढायचे. त्याचे मणी आणि दागिने व्हायचे. पेरूमध्ये तो देवाला वाहत, म्हणून त्याचा व्यापार दूरवर चाले. १५२६ च्या सुमारास स्पॅनिश लोकांना समुद्रात एक मोठा तराफा दिसला. त्यावर सोनं, चांदी, लोकरीचे आणि सुती कपडे होते. हा सगळा माल शिंपल्यांच्या बदल्यात द्यायचा होता.

त्या तराफ्याचं शीड सुती होतं. त्या किनाऱ्यावर मातीच्या, नक्षी काढलेल्या छोट्या चकत्या भरपूर सापडतात. आपल्या टकळीला असते तशीच ही चकती. म्हणजे आधी कोणीतरी बसून सूत कातलं, तेव्हा तो व्यापार समुद्रावर निघाला. सोन्याचा हिशोब सगळे ठेवतात, सुताचा कोण ठेवतं?

जवळच आग्वा ब्लांका गाव आहे. तिथल्या लोकांनी संशोधकांबरोबर स्वतः खोदकाम केलं. आज तेच पाहुण्यांना जुन्या जागा दाखवतात, आणि प्रवेशाचे पैसे गावाला मिळतात. जुनं भांडं विकलं तर पैसे एकदाच येतात. जपलं तर पाहुणे दरवर्षी येतात. बचत गटातल्या बायांना हे गणित वेगळं शिकवायला नको! शिंपल्याचंही तसंच झालं. उपसा फार वाढला, म्हणून २००९ साली इक्वेडोरने तो काढायला बंदी घातली.

आता आपल्याकडे बघा. देवळामागे वीरगळ पडलेले असतात, घरातली तांब्या-पितळेची जुनी भांडी भंगारात जातात. पुढच्या बैठकीत एक वही काढा. गावात जुनं काय आहे, कुठे आहे, त्याच्याबद्दल म्हाताऱ्या आजी काय सांगतात, ते लिहा. शेतात नांगरताना जुनी नाणी किंवा दागिने सापडले, तर सोनाराकडे नेऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तहसील कचेरीत विचारलंत तरी वाट सांगतील.

आजी आहेत तोवर वही भरा, बायांनो.